उतरत्या उजेडातला नेम : क्रॉसबोसाठी स्कोप निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर

शिकारीच्या गेल्या हंगामातल्या शेवटच्या संध्याकाळी जे घडले त्यावरून हे काम हाती घेतले आहे, म्हणून ते आधी लिहून ठेवतो. मचाणापासून पंचवीस मीटरवर हरीण आडवे उभे होते आणि नियमाने ठरलेली वेळ संपायला अजून दहा-बारा मिनिटे बाकी होती. स्कोपमधून, म्हणजे क्रॉसबोवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीतून, जनावराची पाठ, मान, अगदी कानाची हालचालसुद्धा दिसत होती. दिसत नव्हत्या त्या फक्त स्कोपमधल्या काळ्या रेघा, कारण त्या जनावराच्या गडद अंगात विरून गेल्या होत्या. रेटिकलचा, म्हणजे या नेमाच्या रेघांच्या जाळीचा, दिवा लावला तेव्हा रेघा लालभडक उजळल्या आणि त्यांच्या मागचे हरीणच नाहीसे झाले. मी बाण सोडला नाही. माझ्या क्रॉसबोची (रायफलसारख्या दांड्यावर आडवे बसवलेल्या धनुष्याची) ताणलेली दोरी हळूहळू सैल करता येत नाही, आणि बाणाशिवाय ती सोडली तर धनुष्याच्या पात्यांना इजा होते. त्यामुळे हरीण निघून गेल्यावर एक जुना बोथट बाण मचाणाखालच्या मऊ मातीत सोडून दोरी मोकळी केली आणि चरफडत खाली उतरलो.

त्या वेळी माझी समजूत अशी झाली की स्कोप पुरेसा उजेड घेत नाही आणि मोठ्या भिंगाचा स्कोप घेतला की प्रश्न सुटेल. परंतु हरीण दिसत होते हे आठवल्यावर त्या समजुतीत काहीतरी चुकते आहे असे वाटू लागले. या नोंदींमधून तेच तपासायचे आहे.

मर्यादा आधीच ठरवून घेतो. अंतर जास्तीत जास्त ३० मीटर. ४० मीटरची चाचणी फक्त नेम जुळवण्यासाठी. क्रॉसबोवर लिहिलेला बाणाचा वेग सेकंदाला ३५० फूट, म्हणजे सुमारे १०७ मीटर. औष्णिक आणि रात्रदर्शी उपकरणे यादीत घेतलेली नाहीत. शिकारीसाठी त्यांना अनेक ठिकाणी मनाई आहे, आणि माझा प्रश्न मुळात रात्रीचा नाही, सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासाचा आहे. सध्या तीन साधने हाताशी आहेत. 'क' म्हणजे क्रॉसबोवर असलेला दीड ते पाच पट, ३२ मिमी भिंगाचा, वेगाचे वलय (बाणाच्या वेगाप्रमाणे पट बदलणारे, वेगाचे आकडे कोरलेले कडे) असलेला स्कोप. 'ख' म्हणजे एक रेड डॉट, काचेवर उजळ लाल ठिपका दाखवणारे नेमाचे साधन. आणि 'ग' म्हणजे मित्राकडून आणलेला तीन ते नऊ पट, ४० मिमीचा रायफल स्कोप. चौथी जागा रिकामी ठेवली आहे.

६ सप्टेंबर

आज हत्यार हातात घेतले नाही, केवळ हिशेब केला. निरभ्र आकाशाखाली सूर्यास्ताच्या क्षणी जमिनीवर साधारण ४०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जातो तेव्हा, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपताना, तो साडेतीन लक्सच्या आसपास उरतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत उजेड शंभरपटीहून अधिक घटतो. ही घट सुरुवातीला संथ आणि नंतर वेगवान असते. पण सरासरी धरली तर दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा होतो. हा आकडा मला फार उपयोगाचा वाटला, कारण आता कोणत्याही स्कोपची जाहिरात मिनिटांमध्ये मोजता येईल. एखाद्या स्कोपने दुप्पट उजेड डोळ्यापर्यंत पोहोचवला, तरी त्याने मला संध्याकाळची तीन-चार मिनिटेच दिली.

काचेवरच्या लेपाचे उदाहरण घेतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तर ६६ टक्के प्रकाश पार होईल. चांगल्या बहुस्तरीय लेपाने हा तोटा दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यावर आणला तर ९५ टक्के पार होईल. फरक जवळजवळ दीडपट आहे आणि ऐकायला तो मोठा वाटतो, पण संध्याकाळच्या घड्याळात त्याची किंमत दोन मिनिटे. लेप नसलेला स्कोप आता सहसा मिळतही नाही, तेव्हा प्रत्यक्षात दोन बऱ्या स्कोपांमधला फरक याहून कमीच असणार. (चांगल्या लेपाचा खरा लाभ वेगळा आहे. सूर्य समोर मावळत असताना तो नळीतला धुरकटपणा कमी करतो, आणि ते मोल मी कमी लेखत नाही.)

रात्री स्वतःच्या बाहुलीचा व्यास मोजला. हौशी आकाशनिरीक्षकांची ही जुनी युक्ती आहे. अर्धा तास अंधारात बसून डोळे सरावले की एका तेजस्वी ताऱ्याकडे पाहायचे आणि षटकोनी अॅलन की डोळ्याच्या अगदी जवळ आडवी धरायची. की बाहुलीपेक्षा अरुंद असेल तर तारा तिच्या दोन्ही बाजूंनी डोकावतो, रुंद असेल तर पुरता झाकला जातो. ५ मिमीच्या कीने तारा दुभंगला, ६ मिमीच्या कीने झाकला गेला. म्हणजे माझी बाहुली साडेपाच मिमीच्या आसपास उघडते. तरुणपणी ती ७ मिमीपर्यंत उघडते आणि वयाबरोबर कमी होत जाते, तेव्हा निकाल माझ्या वयाला धरूनच आहे.

९ सप्टेंबर

स्कोपच्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, जो प्रकाशाचा गोल बाहेर पडतो त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात, आणि पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की तो मिळतो. हा गोल बाहुलीपेक्षा मोठा असेल तर जादाचा प्रकाश बुबुळावर पडून फुकट जातो. लहान असेल तर बाहुली उपाशी राहते. 'क' स्कोप उजळ आकाशाकडे रोखून ट्रेसिंग कागदावर हा गोल पकडला आणि पट्टीने मोजला. वलय ३५० वर असताना तो ८ मिमी भरला, म्हणजे त्या खुणेवर हा स्कोप चार पटीचा आहे. वलय सर्वांत खालच्या पटीवर नेले तेव्हा भागाकाराने यायला हवा त्यापेक्षा गोल बराच लहान आला. कमी पटीवर पुढचे भिंग पूर्ण वापरले जात नाही असे अनेक बदलत्या पटीच्या स्कोपांमध्ये आढळते, तेव्हा त्याचे नवल वाटले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात आली जी मला आधीच सुचायला हवी होती. रायफलच्या स्कोपवर पट ही नेमबाजाच्या मर्जीची बाब असते, तर वेगाचे वलय असलेल्या क्रॉसबो स्कोपवर ती बाणाच्या वेगाने बांधलेली असते. या स्कोपमधल्या खालच्या रेघा २०, ३०, ४० अशा अंतरांसाठी आखलेल्या असतात; पट वाढली की लक्ष्य मोठे दिसते पण रेघांमधले अंतर डोळ्याला तेवढेच राहते, त्यामुळे प्रत्येक रेघ लक्ष्यावर कमी जागा व्यापते. वेगवान बाण कमी खाली येतो, म्हणून वेगवान धनुष्यासाठी पट जास्त, संथ धनुष्यासाठी कमी. संध्याकाळी उजेड कमी पडला म्हणून कोणी हे वलय फिरवले तर चित्र उजळेल की नाही ते राहो, ३० मीटरची रेघ ३० मीटरची राहणार नाही. डब्यावर 'दीड ते पाच पट' लिहिलेले असले तरी माझ्यासाठी हा चार पटीचाच स्कोप आहे.

आणि चार पटीवर ८ मिमीचा गोल माझ्या साडेपाच मिमीच्या बाहुलीला पुरून उरतो. जादाचा अडीच मिमी प्रकाश म्हणून वाया जातो. मात्र अंधारात गाल दांड्यावर थोडा इकडेतिकडे पडला तरी चित्र कडेने काळे पडत नाही, हा त्याचा उपयोग. एकूण काय, ५० मिमीचे भिंग लावले असते तरी त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यात जास्त प्रकाश शिरला नसता. मोठ्या भिंगाचा विचार आज यादीतून काढून टाकला.

१४ सप्टेंबर

पंचवीस मीटरवर फोमचे हरीण झाडीच्या कडेला ठेवले, पुढच्या पायामागे १५ सेंमी व्यासाचे वर्तुळ आखले आणि सूर्यास्तापासून वही घेऊन बसलो. एकही बाण सोडला नाही. दर दोन मिनिटांनी फक्त पाहिले आणि लिहिले. आकाश निरभ्र होते.

सूर्यास्तानंतर १० मिनिटांपर्यंत 'क' मध्ये काहीच अडचण नव्हती. १४ व्या मिनिटाला रेघा फोमच्या अंगावर शोधाव्या लागू लागल्या, आकाशावर मात्र स्पष्ट होत्या. १८ व्या मिनिटाला मधली रेघ अंगावर पूर्ण हरवली. हरणाच्या पुढच्या पायाची कड मात्र २८ व्या मिनिटालाही दिसत होती. म्हणजे लक्ष्य दिसणे आणि नेमखूण दिसणे यांच्यात दहा मिनिटांची दरी आहे. काचेच्या दर्जावर जी दोन-तीन मिनिटे मिळतात ती मिळवण्यासाठी माणसे केवढा खल करतात, आणि येथे रेघेच्या जाडीवर दहा मिनिटे सांडलेली होती.

मग दिव्याचा नंबर. 'क' च्या दिव्याला लाल आणि हिरवा असे दोन रंग आणि प्रत्येकी पाच पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवरही सगळे रेटिकल, म्हणजे आडवी-उभी रेघ आणि खालच्या सगळ्या खुणा, एकदम पेटतात आणि नळीच्या आतली भिंतही किंचित उजळते. २० व्या मिनिटाला लाल लावला तेव्हा पायाची कड दिसेनाशी झाली. बंद करून परत दिसायला अर्धे मिनिट लागले. हिरव्याने याहून वाईट केले. याचे कारण डोळ्यात आहे. उजेड उतरतो तसे पाहण्याचे काम शंकूपेशींकडून दंडपेशींकडे जाते, आणि डोळ्याची सर्वाधिक संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरवरून ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे पिवळट हिरव्याकडून निळसर हिरव्याकडे सरकते. गडद लाल रंगाला दंडपेशी जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत, म्हणून मंद लाल खूण सरावलेल्या डोळ्याला फारसा त्रास देत नाही. तेवढ्याच शक्तीची हिरवी मात्र डोळ्यात भरते. हिरवा दिवा दिवसा गर्द पालवीवर नेम धरताना कदाचित बरा, परंतु माझ्या अर्ध्या तासासाठी तो नको.

दुकानात उभे राहून दिव्याची सर्वांत तेजस्वी पायरी पाहण्याची रीत आहे. पाहायची असते ती सर्वांत मंद, आणि तीही अंधाऱ्या कपाटात डोके घालून.

१७ सप्टेंबर

'ख', म्हणजे रेड डॉट. याची पट एक असल्याने, म्हणजे यातून दृश्य मुळीच मोठे दिसत नसल्याने, एक्झिट प्युपिलचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो आणि डोके कोठेही असले तरी ठिपका दिसला की झाले. ठिपका २ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, म्हणजे ३० मीटरवर जेमतेम पावणेदोन सेंमी झाकतो. मंद पायऱ्याही उत्तम आहेत.

माझ्या डोळ्याला तो ठिपका मात्र ठिपका दिसत नाही, स्वल्पविराम दिसतो. साधन सदोष आहे की डोळा, हे ठरवण्यासाठी साधन हातात घेऊन हळूहळू फिरवले; स्वल्पविरामाची शेपटी जागची हलली नाही. साधनात दोष असता तर शेपटीही फिरली असती. तेव्हा दोष माझ्या दृष्टिवैषम्याचा आहे. दिवसा बाहुली लहान असताना तो जाणवत नाही, संध्याकाळी बाहुली उघडली की शेपटी लांबते. चष्म्याने ती बरीच आखडली, तरी पुरती गेली नाही.

दुसरी अडचण अशी की रेड डॉटच्या काचेवरचा लेप लाल प्रकाश डोळ्याकडे परतवण्यासाठी असतो, त्यामुळे समोरचे दृश्य थोडे निळसर आणि किंचित मंद दिसते. फोमच्या तपकिरी अंगाची पायापासूनची वेगळी ओळख 'क' पेक्षा पाच मिनिटे आधी पुसली गेली. यात लेपाचा वाटा थोडा आणि पट नसण्याचा जास्त असावा. चार पटीने पाहिलेली कड मंद उजेडातही कड राहते. उघड्या डोळ्याने पाहिलेली तीच कड डाग होऊन जाते.

तिसरी अडचण एकाच ठिपक्याची. २० मीटरवर नेम जुळवून ३० आणि ४० वर तीन-तीन बाण सोडले.

१८ सप्टेंबर

कालचे आकडे कागदावर बसत नाहीत. बाणाची रेषा आणि नजरेची रेषा यांतले अंतर साडेसहा सेंमी, वेग ३५० फूट आणि नेम २० मीटरला जुळवलेला धरला तर ३० मीटरवर बाण १० सेंमी आणि ४० मीटरवर २८ सेंमी खाली लागायला हवा. ३० वर तो हिशेबापेक्षा थोडाच खाली लागला, ४० वर मात्र तिन्ही बाण ३१ सेंमीच्या आसपास. हवेच्या अवरोधाने थोडी भर पडते हे खरे, पण सगळी भर त्याने पडत नसावी. याकडे परत यायला हवे.

२१ सप्टेंबर

'ग' बसवला. रायफलच्या या स्कोपमध्ये कडेकडून आत येणाऱ्या चार जाड पट्ट्या आहेत आणि मध्यभागी त्या बारीक होतात. चाचणीच्या संध्याकाळी या पट्ट्यांनी कमाल केली. मधली बारीक रेघ १७ व्या मिनिटाला गेली, परंतु जाड पट्ट्या २७ व्या मिनिटापर्यंत फोमच्या अंगावर ठळक होत्या आणि त्यांच्या टोकांच्या मधोमध जनावर धरून नेम घेता येत होता. दिवा नाही, सेल नाही, आणि तरीही दहा मिनिटे परत मिळाली. चौदा तारखेची दरी भरून काढण्याचा सर्वांत साधा उपाय जाड रेघ हाच आहे.

पॅरॅलॅक्सविषयी, म्हणजे डोळा सरकला की नेमखूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते त्याविषयी, पुष्कळ इशारे ऐकले होते म्हणून हिशेब करून पाहिला. रायफलचे स्कोप सहसा १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर पॅरॅलॅक्समुक्त केलेले असतात. क्रॉसबोचे बहुधा ५० यार्डांवर, म्हणजे ४६ मीटरवर. डोळा नेत्रिकेच्या अगदी कडेला गेला असे वाईटात वाईट धरले तरी ३० मीटरवर 'ग' ची चूक १३ मिमी आणि 'क' ची साडेपाच मिमी होते. १५ सेंमीच्या वर्तुळासाठी दोन्ही नगण्य. हा इशारा उगाच मोठा झालेला आहे असे माझे मत झाले.

पट वाढवून पाहण्याचाही मोह आवरला नाही. नऊ पटीवर गोल ४.४ मिमीचा होतो, म्हणजे माझी बाहुली पुरती भरत नाही. चित्र चार पटीपेक्षा काळसर दिसते, आणि तरीही फोमच्या पायावरची शिवण नऊ पटीवरच आधी दिसली. भिंगाचा व्यास आणि पट यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून जो संधिप्रकाशांक देतात तो हेच सांगू पाहतो. चार पटीवर तो १२.६ आणि नऊ पटीवर १९ येतो. पण हा अंक काचेचा दर्जा मोजत नाही आणि थरथरणारे हातही मोजत नाही. नऊ पटीवर माझा श्वाससुद्धा दिसत होता.

'ग' नाकारावा लागला तो वेगळ्याच कारणाने. त्यात अंतराच्या खुणा नाहीत, आणि तिसाव्या बाणाच्या सुमारास नेम डावीकडे हातभर सरकला. क्रॉसबोचा धक्का रायफलसारखा केवळ मागे येत नाही. पाती पुढे झेपावून एकदम थांबतात तेव्हा स्कोपला उलट दिशेनेही हिसका बसतो, आणि रायफलचा प्रत्येक स्कोप तो सहन करण्यासाठी बांधलेला नसतो. आधी पकडीचे स्क्रू तपासले, ते घट्ट होते. मित्राला स्कोप परत करताना फार ओशाळलो.

२३ सप्टेंबर

दिवसभर ढग. काम नाही. सेल बदलून ठेवले.

२५ सप्टेंबर

आज स्कोपचा नव्हे, अंतराचा दिवस. फोमचे हरीण मुलाला वाटेल तिथे ठेवायला सांगितले आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी मचाणावरून नुसत्या नजरेने अंतराचा अंदाज केला. आठ अंदाजांपैकी तीन चार मीटरहून अधिक चुकले, आणि तिन्ही वेळा मी अंतर कमी धरले होते. बाण ३० मीटरवर १० सेंमी खाली जातो आणि ३५ मीटरवर १८ ते १९ सेंमी. पाच मीटरच्या चुकीची किंमत आठ-नऊ सेंमी, तर माझ्या वर्तुळाची त्रिज्या साडेसात. नेमखूण कितीही सुरेख दिसली तरी ही चूक बाण वर्तुळाबाहेर नेते, आणि अशा चुकीत जखमी होऊन पळालेले जनावर रात्रभर शोधावे लागते.

लेसरचे अंतरमापक आहे, पण त्याचे आकडे काळ्या एलसीडीचे. १५ व्या मिनिटानंतर ते काळ्यावर काळे होतात. लाल उजळत्या आकड्यांचे मापक घेणे हा एक मार्ग. मी त्याआधीचा मार्ग घेतला. दुपारच्या उजेडात मचाणावरून मोजून २०, २५ आणि ३० मीटरवर फिकट रंगाचे दगड ठेवले. शेवटच्या दगडापलीकडे जनावर असेल तर धनुष्य उचलायचे नाही.

२८ सप्टेंबर

चौथी जागा भरली. 'घ' हाही दीड ते पाच पट, ३२ मिमी, वेगाचे वलय असलेलाच स्कोप आहे. डब्यावरचे आकडे 'क' शी अक्षरशः जुळतात, आणि आकडे वाचून निवड करणाऱ्याला दोघांत काहीच फरक दिसणार नाही. फरक आत आहे. खाली आणि दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या, आणि दिवा सगळ्या रेटिकलला नसून फक्त अंतराच्या खुणांच्या छेदबिंदूंना आहे, म्हणजे पेटतात ते चार बारीक ठिपके. लाल रंग एकच. सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन खोलीच्या उजेडात लावल्या तर दिवा बिघडला आहे असेच वाटते. कपाटात जाऊन पाहिले तेव्हा त्या दिसल्या, निवत चाललेल्या उदबत्तीच्या टोकाएवढ्या. मला हव्या होत्या त्या याच.

फोमसमोर संध्याकाळ काढली. १८ व्या मिनिटाला मधली रेघ येथेही गेली. पहिल्या पायरीवर ठिपके लावले. पायाची कड जागेवर राहिली. २८ व्या मिनिटाला कड गेली आणि ठिपके उरले. मागचे लक्ष्य नेमखुणेच्या आधी दिसेनासे व्हावे, हाच क्रम योग्य आहे, कारण त्यामुळे थांबायचे कधी ते लक्ष्यच सांगते. सेल संपला तर काय, याचीही खात्री करून घेतली. दिवा बंद ठेवून जाड पट्ट्यांच्या टोकांवरून २० मीटरचा नेम २६ व्या मिनिटापर्यंत धरता आला.

१ ऑक्टोबर

वेगाचे वलय जुळवले. रीत साधी आहे, पण बाण खर्ची पडतात. वरची रेघ २० मीटरवर स्क्रूंनी जुळवायची. मग स्क्रूंना हात न लावता ४० मीटरची रेघ ४० मीटरवरच्या वर्तुळावर धरून तीन बाण सोडायचे. बाण खाली लागले तर खुणेवरचा वेग खऱ्या वेगाहून जास्त आहे, तेव्हा वलय कमी वेगाकडे फिरवायचे. वर लागले तर उलट. वलय फिरवल्यावर २० चा नेम पुन्हा तपासायचा, आणि हे दोन्ही जागी बसेपर्यंत चालू ठेवायचे. वलय ३५० वर असताना ४० मीटरवरचे बाण दोन बोटे खाली होते. तीन फेऱ्यांनंतर ते जागेवर बसले तेव्हा वलय ३४० च्या किंचित पुढे उभे होते.

अठरा तारखेचे कोडे येथे सुटले. धनुष्यावर लिहिलेला वेग ४०० ग्रेनच्या बाणासाठी आहे आणि माझा बाण टोकासकट ४२५ ग्रेनचा, म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅमचा भरतो. तीच ऊर्जा जड बाणाला मिळाली तर वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो, आणि हिशेबाने तो ३४० येतो. त्या वेगाला ४० मीटरवरची घट ३० सेंमी. उरलेला सेंटीमीटर हवेचा. बाणाची घट वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने पटही वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, तेव्हा आता हा स्कोप चाराऐवजी पावणेचार पटीचा झाला आहे. उजेडाच्या दृष्टीने त्याने काही बिघडले नाही.

४ ऑक्टोबर

पूर्ण तालीम. मचाण, हंगामातले जाड कपडे, हातमोजे, मुलाने माझ्या अपरोक्ष ठेवलेले फोम. सूर्यास्तानंतर १२, १८, २२ आणि २५ मिनिटांनी प्रत्येकी दोन बाण सोडले. पहिले सहा वर्तुळात लागले. २५ व्या मिनिटाचा एक आत, दुसरा वर्तुळाच्या चार बोटे मागे. ठिपका स्थिर होता आणि अंतर दगडाने सांगितलेले होते. तरी त्या वेळी मी पायामागची जागा नव्हे तर नुसते अंग पाहून नेम धरला, हे सोडताक्षणीच कळले.

आणखी एक गोष्ट कागदावरच्या हिशेबात नव्हती. गार हवेत जाड कपड्यांनी दांडा खांद्यापासून दोन बोटे पुढे सरकतो, डोळा नेत्रिकेपासून दूर जातो आणि चित्राला काळी कड येते. स्कोप पकडीत तेवढाच मागे घेतला. गाल दांड्याला चिकटवून सोडलेला उच्छ्वास नेत्रिकेवर धुके धरतो, तेव्हा नेम धरताना श्वास नाकातून खाली सोडायची सवय लावून घेत आहे. नायट्रोजन भरलेली नळी आतून धुके धरत नाही, बाहेरून मात्र धरतेच.

थांबण्याची वेळ २२ मिनिटे ठरवली. नियम अनेक ठिकाणी सूर्यास्तानंतर अर्धा तास देतो, पण तो वरची मर्यादा आहे, आणि बाण लागल्यावर जनावर कोठे गेले, रक्ताचा माग कोणत्या पानावर आहे, हे पाहायलाही उजेड लागतो. ढगाळ संध्याकाळी घड्याळ पाहायचे नाही. पुढच्या पायाची कड स्कोपमधून दिसेनाशी झाली की दोरी मोकळी करायची.

५ ऑक्टोबर

'क' पेटीत ठेवला, 'घ' कायम केला. २० मीटरचा नेम पुन्हा तपासून पकडीचे स्क्रू घट्ट केले आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. वलयावर ३४० च्या किंचित पुढे तसाच एक पांढरा ठिपका दिला आणि वलय हातमोज्याने चुकून फिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचा एक वेढा घेतला. जादाचा सेल आतल्या खिशात ठेवला आहे, कारण गारठ्यात बाहेरच्या खिशातला सेल लवकर मान टाकतो. दगड जागेवर आहेत. ३० मीटरचा दगड गवतात दिसेनासा होऊ लागला होता, त्याच्याभोवतीचे गवत उपटून आलो.